घाटातली हाक

मास्तरांनी आयुष्यात एकाही मुलाला शिकवलं नाही. ते गाड्यांच्या सीटा शिवायचे, आणि शिवता शिवता समोरच्याला इतके सल्ले द्यायचे, की लोक कंटाळून त्यांना मास्तर म्हणायला लागले. मास्तरांना ते कौतुक वाटलं. वाटू दिलं लोकांनी.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे दोन माणसांची, छत उघडणारी लाल स्पोर्ट्स कार. भंगारात निघालेली ती गाडी मास्तरांनी लग्नाआधी, पदरमोड करून, एकेक सुटा भाग शोधून उभी केली होती. त्यामुळे लग्न होऊन आलेल्या बायकोने पहिल्याच आठवड्यात गाडीचं नाव ठेवलं, थोरली. "मी मागून आले ना," ती म्हणाली, "मग मान तिचाच."

ही बाई हॉस्पिटलात नर्स होती, पुढे मेट्रन झाली. निम्मं शहर कधी ना कधी तिच्या वॉर्डात झोपून गेलं होतं, आणि रस्त्यात ती दिसली की बरी झालेली माणसंसुद्धा उगीचच सिगारेट लपवायची. घरात मात्र तिचं आणि मास्तरांचं छान चालायचं. भांडण व्हायचंच, पण ते थोरलीवरून. थोरलीच्या नव्या चामड्यासाठी घरातला सोफा उसवला गेला, तेव्हा मेट्रनबाई बरेच दिवस पाहुण्यांना "बसा, आमच्याकडे सगळे स्प्रिंगवर बसतात" असं सांगत होत्या.

थोरलीसारख्या गाड्या पाळणाऱ्या वेड्यांचा एक क्लब होता. त्याचे अध्यक्ष अर्थात मास्तर. वर्षातून एका रविवारी सकाळी हा क्लब शहराबाहेरचा घाट चढायचा. पोलीस तेवढ्यापुरता रस्ता बंद ठेवायचे. शर्यत नव्हती ती. वर पोचायचं, चहा प्यायचा, एकमेकांच्या इंजिनात डोकी घालायची आणि परत यायचं. घाटात त्या वेळी धुकं असायचं, वळणं आंधळी. म्हणून मास्तरांनी फार पूर्वी एक नियम घालून दिला होता. त्याला म्हणायचे 'हाक'. पुढच्या गाडीने वळण आलं की गिअर खाली टाकायचा, की इंजिन एकदम डरकाळी फोडतं. मागच्याने ती ऐकायची आणि ब्रेकवर पाय ठेवायचा. हॉर्नला सक्त मनाई. "हॉर्न बसवाल्यांनी वाजवावा," मास्तर म्हणायचे, "आपली गाडी बोलते. तिच्या तोंडात भोंगा कशाला?"

त्या चढाईत मास्तरांची जागा सगळ्यात शेवटी, कुणी मागे राहिलं तर गोळा करायला. शेजारच्या सीटवर दरवर्षी मेट्रनबाई, डोक्याला रुमाल बांधून. छत उघडं, वारा आणि इंजिन दोघं एका सुरात ओरडतायत, तेव्हा शेजारचं माणूस काय बोलतंय ते कळायचा प्रश्नच नव्हता. बाईंचे ओठ हलताना दिसले की मास्तर अंगठा वर करायचे. बाई हसायच्या. मास्तरांच्या मते संसार उत्तम चालला होता.

पण दिवस बदलले. ते मास्तरांना आधी स्वतःच्या टेबलावर कळलं. पूर्वी त्यांच्या कारखान्यात स्पोर्ट्स कारच्या ठेंगण्या, कुशीत घेणाऱ्या सीटा रांगेने पडलेल्या असायच्या. मग त्या कमी झाल्या. त्यांच्या जागी आल्या सात माणसांच्या ढब्बू गाड्यांच्या सीटा, ज्यांच्यावर बिस्किटांचा चुरा आणि लहान मुलांनी काय काय केलेलं. एकदा तर दाताच्या डॉक्टरांची खुर्ची आली. मास्तरांनी ती शिवली, पण दिवसभर तोंड असं करून, की जणू त्यांचीच दाढ काढलीय.

समोरच्या बाजूला गाड्यांचं शोरूम होतं. तिथला मॅनेजर क्लबचा सभासद आणि मास्तरांचा जुना दोस्त. त्याला सगळे शोरूमवाला म्हणत. त्याच्या काचेत एक पिवळी स्पोर्ट्स कार कधीपासून उभी होती. लोक यायचे, तिच्याशेजारी फोटो काढायचे आणि आतली इलेक्ट्रिक गाडी बुक करून जायचे. एक दिवस शोरूमवाला तोंड पाडून कारखान्यात आला आणि स्टुलावर बसला.

"मास्तर, कंपनीने पेट्रोलची स्पोर्ट्स कार बंद केली. काचेतली ती शेवटची."

मास्तरांच्या हातातलं दाभण चामड्यातच राहिलं.

"आणि क्लबातल्या दोघांनी गाड्या विकल्या," शोरूमवाला म्हणाला. "आपण उरलो नऊ. दहापेक्षा कमी गाड्या असतील तर पोलीस रस्ता बंद करत नाहीत. यंदा चढाई नाही झाली, तर पुढच्या वर्षी कोण आपल्याला विचारतोय?"

"मग दहावी शोध."

"इलेक्ट्रिकवाले तयार आहेत ना. आता त्यांच्याही स्पोर्ट्स कार निघाल्यात. तुम्ही हो म्हणा फक्त."

झालं. मास्तर उभे राहिले. त्या संध्याकाळी क्लबची बैठक कारखान्यातच होती, आणि सगळ्यांसमोर त्यांनी टेबलावर कात्री आपटून जाहीर केलं, "जी गाडी हाक देत नाही ती मागच्याला दरीत घालते. मी अध्यक्ष असेपर्यंत मुकी गाडी घाट चढणार नाही. चढलीच, तर मी तिच्या डिकीत बसून वर जाईन!"

टाळ्या पडल्या. चहाचे कप गोळा करायला आलेल्या मेट्रनबाई दारातच थांबल्या, नवऱ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता कप घेऊन गेल्या. बाई काही बोलल्या नाहीत हे मास्तरांच्या लक्षात यायला हवं होतं. ते टाळ्यांत होते.

नवा आठवडा लागला आणि दारात एक निळी गाडी येऊन उभी राहिली. म्हणजे मास्तरांनी बघितलं तेव्हा ती उभी होती. आली कधी हे त्यांना कळलंच नाही. ठेंगणी, दोन दारांची, छत उघडणारी. आत मेट्रनबाई, डोक्याला तोच रुमाल.

"कुणाची गं?"

"माझी. निवृत्त झाले तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता स्वतःसाठी काहीतरी घे. घेतलं."

"मला वाटलं, तू शिलाई मशीन घेशील!"

"शिलाई तुम्ही करता. मी बसते. इतकी वर्षं बसलेच की," बाई म्हणाल्या. "अहो, दहावी गाडी हवी होती ना? ही घ्या."

मास्तर गाडीभोवती एक फेरी मारून आले. बॉनेट उघडायला सांगितलं. आत इंजिन नव्हतं. एक स्वच्छ खण होता आणि त्यात बाईंची पर्स. मास्तरांना भडभडून आलं.

"हिला म्हणायचं काय? धाकटी?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"हिला तुमच्या नात्यात ओढू नका. ही माझी आहे."

मास्तर दोन दिवस धुमसले. थोरलीशी बोलले, म्हणजे तिचं ऑइल बदललं. पण घाटाचा रविवार डोळ्यांसमोरून हलेना. चढाई बंद पडली तर ती आपल्यामुळे, हा विचार त्यांना झोंबायला लागला. शेवटी जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "ये बाई. पण माझ्या पुढे राहा. क्लबचे नियम पाळायचे. आणि डिकीचं कुणी बोललं तर मी ऐकणार नाही."

रविवारी सकाळी धुकं नेहमीपेक्षा दाट होतं. आठ गाड्या एकामागून एक गरजत वर गेल्या आणि मास्तरांचं काळीज सुपाएवढं झालं. मग निळी गाडी निघाली. तिच्यामागे, अंतर ठेवून, थोरली. मास्तरांच्या शेजारची सीट आज रिकामी होती. तिच्याकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि दोनदा बघितलं.

आता मास्तरांना तो घाट पाठ नव्हता का? होता. पण सवय वाईट. इतकी वर्षं ते घाट डोळ्यांनी नाही, कानांनी चढले होते. हाक आली की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. पहिली काही वळणं पुढचे लाल दिवे बघत निभावली. मग दिवे धुक्यात विरले, थोरली रंगात आली, मास्तरही आले. कान टवकारून ते हाकेची वाट बघत राहिले. हाक काही आली नाही. वळण आलं.

नशिबाने त्या वळणावर दरी नव्हती, गवताचा उतार होता. थोरली त्यात शिरली, दोन-चार गचके खाल्ले, पोटाखालचा सायलेन्सर एका दगडावर ठेवून दिला आणि मऊ मातीत रुतून बसली. मास्तरांना खरचटलंसुद्धा नाही. ते उतरले, दगडाशेजारचा सायलेन्सर उचलला आणि तो मांडीवर घेऊन गवतात बसले. संपलं, त्यांनी मनाशी म्हटलं. अध्यक्ष स्वतःच्या घाटात घसरला. आता चढाईही संपली आणि आपणही. त्यांना खरंच रडू येत होतं.

आरशात मागचे दिवे दिसेनात तेव्हा मेट्रनबाई गाडी वळवून खाली आल्या. आधी त्यांनी नवऱ्याचे डोळे, मान, हात-पाय, सगळं वॉर्डातल्यासारखं तपासून घेतलं.

"हाक नाही दिलीस," मास्तर म्हणाले.

"कशाने देऊ? हॉर्न वाजवायचा नाही हा नियम कुणाचा?"

मास्तर सायलेन्सरवरची माती पुसायला लागले.

"चला, उठा. डिकी उघडू की पुढे बसताय?"

मास्तर पुढे बसले. सायलेन्सर मांडीवरच. थोरलीला नंतर ओढून न्यायचं ठरलं. बाईंनी छत उघडं टाकलं आणि गाडी निघाली, म्हणजे झाडं मागे जायला लागली तेव्हा मास्तरांना कळलं की निघाली. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आणि त्या शांततेत शेजारून आवाज आला.

"आता डावीकडे. मग लगेच उजवं. इथे यांनी दगड चाटला होता आणि मला म्हणाले, दगडच पुढे आला."

मास्तरांनी मान वळवली. बाई रस्त्याकडे बघत, स्वतःशीच बोलावं तशा बोलत होत्या.

"हट्टी माणूस. चार लोकांसमोर डिकीची भाषा. आता बसलेत मांडीवर नळकांडं घेऊन."

"अगं, मला ऐकू येतंय!"

बाई दचकल्या. गाडी जराशी हलली. मग त्या इतक्या हसल्या, की त्यांना वेग कमी करावा लागला.

"सवयीने बोलून गेले हो. विसरलेच, की इथे ऐकू जातं."

"म्हणजे दरवर्षी तू हे बोलायचीस?"

"पहिल्या वर्षापासून. वर्षभर वॉर्डात सगळ्यांचं ऐकायचं, घरी तुमचं. कुणाला ऐकू जाणार नाही अशी ही एकच जागा होती. मोकळं वाटायचं. तुम्ही आपले अंगठा दाखवायचात."

"शिव्याच द्यायचीस?"

"शिव्याच कशाला? त्या कठड्यापाशी मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं, की आपल्याला बाळ होणार आहे."

"ते तू मला वर, चहा पिताना सांगितलंस!"

"ते दुसऱ्यांदा. आधी इथे म्हणून बघितलं, कसं वाटतं ते."

मास्तर कठडा मागे जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक वळण विचारायला सुरुवात केली. इथे काय म्हणालीस? आणि इथे? बाई सांगत गेल्या. एका वळणावर त्यांनी सासूबाईंबद्दल बोलून घेतलं होतं. एका वळणावर मुलगी परगावी गेली त्या वर्षी त्या रडल्या होत्या, आणि मास्तरांना वाटलं होतं, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलंय. मास्तरांनी मांडीवरचा सायलेन्सर उचलून पायाशी ठेवला.

"आणि शेवटच्या वळणावर?"

बाईंनी एका हाताने रुमालाची गाठ चाचपली. "तिथे दरवर्षी एकच."

"काय?"

वळण आलं. धुकं तिथे संपायचं आणि वरचं पठार दिसायचं, उन्हात आठ गाड्या उभ्या असलेल्या.

"की या माणसाशेजारी बसलं, की मला कसलीच भीती वाटत नाही. घरी जाऊन सांगायचं ठरवायचे. घरी गेलं की राहून जायचं."

मास्तरांचा अंगठा सवयीने वर गेला. त्यांनी तो खाली घेतला. "मला मात्र आत्ता भीती वाटतेय," ते म्हणाले. "जरा हळू घे ना."

वर पोचल्यावर क्लबवाल्यांनी त्यांना उचलून डिकीत ठेवायचा प्रयत्न केला. मास्तर हसत हसत बसलेही. पाय बाहेर राहिले. तिथूनच त्यांनी अध्यक्षीय निर्णय दिला: पुढच्या वर्षीपासून मुक्या गाड्या येतील, आणि प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवतील. शोरूमवाल्याने त्यांना तिथल्या तिथे मिठी मारली.

आता चढाईला अठरा-वीस गाड्या असतात. थोरलीला नवा सायलेन्सर बसलाय आणि ती पूर्वीपेक्षा जास्तच ओरडते. मास्तर तिला घेऊन एकदा घाट चढतात, खाली येतात आणि मग निळ्या गाडीत बसून दुसऱ्यांदा चढतात. तिची शेजारची सीट त्यांनी उसवून स्वतःच्या मापाने नव्याने शिवली आहे, पाठीला मऊ, कडेला जाड शिवण. कुणी विचारलं, तर सांगतात, "कंपनीच्या सीटवर ऐकायला बसवत नव्हतं."

यंदाही शेवटच्या वळणावर बाई ते वाक्य बोलल्या. हवा पडलेली होती, गाडीचा श्वाससुद्धा वाजत नव्हता.

"काय म्हणालीस?" मास्तर म्हणाले. "ऐकू नाही आलं."

मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा सांगितलं.