सुशीलच्या नावाचं पान

चंपतरावांनी अख्खी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात मान खाली घालून काढली. निवृत्तीनंतर सक्करदऱ्याला छोटंसं घर बांधलं. सकाळी तळ्यावर फिरायचं आणि पोराचं लग्न लावायचं, एवढाच पुढचा बेत. रामटेकच्या पलीकडे कधी हौसेने न गेलेला हा माणूस म्हातारपणी पासपोर्ट काढून कंबोडियाला निघाला, तो काही देवळं बघायला नव्हे.

पोरगा, सुशील, तिकडेच कुठेतरी हरवला होता. कॉम्प्युटरवरचं काम आहे म्हणून एका दलालाने त्याला बँकॉकला नेलं आणि तिथून गुपचूप सीमेपलीकडे. तिथे कोंडून घालून फोनवरून लोकांना फसवायला लावत. एकदाच त्याचा चोरून फोन आला.

"बाबा, खिडकीतून मोठं पाणी दिसते. सारस हायेत, आजीच्या गावासारखे. मागं जुनं मंदिर हाये, त्याले दगडाचे तोंडं हायेत."

फोन तुटला तो तुटलाच. त्याला दोन वर्षं होऊन गेली. चंपतरावांनी सरकारी कचेऱ्यांत चपला झिजवल्या. सगळ्यांनी पाणी विचारलं, पोरगा कोणी शोधला नाही.

यंदा पितृपक्ष लागला तेव्हा धाकटे भाऊ रुपराव भीत भीत म्हणाले, "वहिनी, त्याच्याही नावाचं पान वाढून टाका. पोरगं तिकडं उपाशी भटकत असन तं?"

कामिनीबाईंनी हातातला झारा भिरकावला. "माहा पोरगा जित्ता हाये!"

पितृपक्षात प्रवास करू नये म्हणतात. चंपतरावांना मात्र घरात बसवेना. निघताना कामिनीबाईंनी बजावलं, "अजी, देऊळ दिसन तिथं त्याचं नाव घेजा. पण मेलेल्याईत घेऊ नका."

दगडी तोंडांचं देऊळ आणि पाणपक्ष्यांचं मोठं पाणी जवळ जवळ आहे असा प्रांत एकच, बांतेय मीनचेय, असं कळलं होतं. तिथे वन्ना नावाचा वाटाड्या भेटला. भारतीय प्रवाशांमुळे त्याला बऱ्यापैकी हिंदी येत होती. दोहीकडे धानाची शेतं, मध्ये पाण्याने भरलेल्या छोट्या बोड्या, डबक्यांत बसलेल्या म्हशी. भंडाऱ्याकडचाच मुलूख वाटावा. परका मुलूख इतका ओळखीचा दिसला की माणसाला उगीच धीर येतो. चंपतरावांनाही आला, आणि तिथेच ते फसले.

देऊळ अर्धं कोसळलं होतं. शेवाळलेल्या शिखरावर दगडाचं मोठं तोंड ओठ मिटून हसत होतं. चंपतराव भडकले. "हा काहून हासून राहिला?" वन्नाला ते समजलं नाही, हे बरंच झालं.

पाण्यावर सारस नव्हते. ते उन्हाळ्यातच येतात, वन्ना म्हणाला. गजांच्या खिडक्यांची एक इमारत सापडली, तीही ओस. वरच्या खोलीतून पाणी दिसत होतं, देऊळ दिसत नव्हतं. अशा इमारती इकडे पुष्कळ आहेत म्हणे. सुशीलचा फोटो दाखवला की लोक मान हलवत आणि दुसरीकडे बघत.

निघायच्या दिवशी रस्त्यात एक विहार लागला. बायाबापड्यांची ही गर्दी, प्रत्येकीच्या हातात डबा. वन्ना पेट्रोल भरायला गेला होता. आत बाया भन्तेजींच्या पात्रात भात घालून एकेक नाव सांगत, आणि ते नाव भन्तेजी मंत्रात घेत. चंपतरावांना वाटलं, आपल्याकडे अभिषेकाला नाव सांगतात तसंच हे. त्यांनी डोक्यावर रुमाल टाकला. एका आजीबाईंनी आपला डबा पुढे केला. चंपतरावांनी त्यातला भात पात्रात घातला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "सुशील चंपतराव, गोत्र कश्यप!"

भन्तेजींनी सुशीलचं नाव घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं नाव मान हलवून परत केलं नव्हतं. चंपतरावांना भरून आलं.

वन्ना आला. "किसका नाम दिया, पापाजी?"

"बेटे का."

वन्नाचा चेहरा उतरला. "यहाँ मरे हुओं के नाम देते हैं. उनको खाना पहुँचता है."

चंपतराव धावत भन्तेजींकडे गेले. "नाम वापस लो! गलती हो गई!" वन्नाने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हाताऱ्या भन्तेजींनी त्यांचा हात नुसता धरून ठेवला. मग चंपतराव भर गर्दीत ओक्साबोक्शी रडले. आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. त्या झोपेची त्यांना फार लाज वाटली.

सर्वपित्रीला ते घरी पोचले. कामिनीबाई वडे तळत होत्या. पोरगा सोबत नाही हे त्यांनी दारातच पाहिलं आणि पुन्हा कढईकडे वळल्या.

"देवळात नाव घेतलं का त्याचं?"

"घेतलं."

"गोत्र सांगितलं?"

"सांगितलं वं."

"मंग काय म्हणले ते?"

चंपतरावांनी खाली वाकून चपला काढल्या. "म्हणले, पोचते."

"पोचते म्हणले? मंग येते तो!" त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सासूसासऱ्यांच्या नावाची दोन पानं वाढून नवऱ्याच्या हाती दिली.

चंपतरावांनी ती मागच्या भिंतीवर ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा पाहिलं. मग कोनाड्यातली एक कोरी पत्रावळ घेऊन दोन्ही पानांतलं थोडं थोडं तिच्यावर काढलं आणि ती जरा बाजूला मांडली.

कावळा आला. दोन्ही पानं ओलांडून तो तिसऱ्या पानावर बसला आणि खीर खाऊ लागला.

"अजी, शिवला का कावळा?" आतून कामिनीबाईंनी विचारलं.

"शिवला," चंपतराव म्हणाले.