आडव्या बाटलीच्या गावात

नांदेडच्या बसस्टँडवरून लातूरची गाडी सुटली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि माझ्या मांडीवर गुडघ्याला बांधायच्या पट्ट्याचं एक पाकीट होतं. पाकीट माझं नव्हतं. दोन महिने ते आमच्या कपाटात बायकोच्या साड्यांखाली पडून होतं. "ज्याचं त्याला देऊन या," असं ती दर आठवड्याला म्हणायची आणि मी आज-उद्या करायचो. शेवटी तिने ते माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं आणि भाकरी वाढलीच नाही.

लोहा मागे पडलं. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, मधेच पिवळ्या फुलांवर आलेली तूर. खिडकीतून वारा येत होता, तरी मला घाम फुटला होता. तो का, हे सांगायचं तर आधी जहाजावर जायला हवं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो, त्या वर्षी आम्ही चार मित्र मुंबईहून लक्षद्वीपकडे जाणाऱ्या एका क्रूझवर गेलो. गोदावरीत पाय भिजवण्यापलीकडे आमचा पाण्याशी संबंध नाही, पण हौसेला मोल नसतं. तिकिटाबरोबर आम्ही अमर्याद पेयांचं पॅकेज घेतलं. मनगटाला जांभळा पट्टा बांधायचा, तो दाखवायचा आणि हवं तेवढं प्यायचं. पहिल्याच संध्याकाळी बारवर पेले भरणारा मुलगा आमच्या गप्पा ऐकून हसला. "सर, नांदेडचे का? मी चाकूरकडचा." विशाल त्याचं नाव. परमुलखात गाववाला भेटला की आपण लगेच पाघळतो, तसे आम्हीही पाघळलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते पाकीट माझ्या हातात दिलं. आईचे गुडघे दुखतात, तिला द्या म्हणाला. "पण सर, मी बारवर हाय म्हणू नका. भटारखान्यात चपात्या लाटतो म्हणा." का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुपारी भोंग्यावरून घोषणा झाली. ज्या बेटांकडे आम्ही चाललो होतो तिथे दारूबंदी होती. त्यांच्या हद्दीत जहाज असेपर्यंत, म्हणजे पुढच्या दिवशी संध्याकाळपर्यंत, सगळे बार बंद. हे पॅकेजच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं. आयुष्यभर पुस्तकं हाताळलेल्या माणसाने ते वाचलं नव्हतं. बारमधले दिवे मालवले, बाटल्यांवर जाळी उतरली आणि विशालने कुलूप लावलं.

आता माणसं उठतील असं मला वाटलं. ती उठली नाहीत. जांभळे पट्टे बांधलेली तीस-चाळीस माणसं त्या काळोख्या जाळीकडे तोंड करून बसून राहिली. कोणी बोलेना. खालून इंजिनाची घरघर तेवढी येत होती. एकाने बोटं अशी वळवून धरली होती की पेला हातात आहे असं वाटावं. मीही त्यांच्यातच बसून होतो.

तासाभराने उठून मी मागच्या दाराशी विशालला गाठलं. "अरे, आपल्या भागातला ना तू? गाववाल्यासाठी एवढं नाही करायचं?" तो म्हणाला, "सर, नोकरी जाईल." मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदा मी जे बोललो ते लिहिताना आजही लाज वाटते. मी म्हटलं, "तुझ्या आईचं पाकीट मी न्यायचं आहे ना?" त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहाच्या कपात ओतून दिली.

दुसऱ्या सकाळी बारच्या जाळीपाशी भलताच मुलगा उभा होता. नाश्त्याला एक अधिकारी टेबलाटेबलाशी येऊन विचारत होता, काल बंदीच्या वेळात कोणाला काही मिळालं का. मी इडलीकडे बघत मान हलवली. नाही.

असो. अहमदपूरला गाडी वीस मिनिटं थांबली. स्टँडसमोर एका गाड्यावर गरम सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला पदार्थ) मिळाली. शेंगदाणे खमंग होते, पण दोन घासांपुढे गेली नाही. गाडेवाला म्हणाला, "काका, तिखट झाली का?" मी म्हटलं, "नाही, मीच आज बेचव आहे." तो हसला आणि वरून लिंबू पिळून दिलं.

चाकूरला उतरून ऑटो धरला. गावाचं नाव मी इथे देत नाही. पाकिटावर विशालच्या आईचं नाव लिहिलेलं होतं; कौसाबाईंकडे जायचंय म्हटल्यावर ऑटोवाल्याने मान वळवली.

"आडव्या बाटलीवाल्या कौसाबाई?"

मग त्याने सांगितलं. गावात देशी दारूचं दुकान होतं. कौसाबाईंनी बायका गोळा केल्या, सह्या घेतल्या आणि मतदान घ्यायला लावलं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. "आडवी आली निवडून. लई जिगरीची बाई हाय."

पोरगा चपात्या का लाटत होता, ते मला तेव्हा कळलं. पाकीट एकदम जड वाटायला लागलं.

वेशीपाशी त्याने ऑटो थांबवला. "हितून चालत जावा."

"आत का नाही येत?"

"या टायमाला न्हाई. बसलेले असतेत."

"कोण?"

त्याने पैसे खिशात टाकून ऑटो वळवला.

दुपारचा एक वाजून गेला होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. भिंतींवर, दारांवर, पाण्याच्या टाकीवर गेरूने काढलेल्या बाटल्या होत्या, सगळ्या आडव्या. मतदान होऊन वर्ष झालं असेल, तरी काही चित्रं ओली असल्यासारखी लाल होती. एक कुत्रं सावलीत पडलं होतं. मी जवळून गेलो तरी ते भुंकलं नाही.

वळणावर ते दुकान दिसलं. शटर बंद, कुलपावर गंज. आणि शटरसमोर भर उन्हात चौदा-पंधरा माणसं उकिडवी बसली होती, एका रांगेत, सगळ्यांची तोंडं शटरकडे. कोणी बोलत नव्हतं, कोणी विडी ओढत नव्हतं. एक म्हातारी कळशी घेऊन रांगेतून पाणी पाजत गेली. माणसं ओंजळ पुढे करून पाणी प्यायली आणि पुन्हा शटरकडे बघू लागली. एका म्हाताऱ्याची बोटं पेला धरल्यासारखी वळलेली होती.

रांगेच्या टोकाला काळी पँट आणि टोकदार बूट दिसले. त्या बुटांवर धुळीचा थर होता. जहाजावर ते आरशासारखे चमकायचे. विशाल होता तो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान पुन्हा शटरकडे केली.

"कोण पायजे?" मागून आवाज आला. पन्नाशीची, ठेंगणी, गुडघ्यावर हात ठेवून उभी असलेली बाई. त्याच कौसाबाई. विशालने जहाजावर दिलं होतं, असं म्हणत मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, मला तिथल्याच आपल्या घराच्या ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"दादा, तुमी जहाजावर व्हताव. एक इचारते, खरं सांगा." त्यांचा आवाज खाली आला. "दोन म्हयने झाले पोरगं घरी आलंय. कामावरून काढलं म्हनतंय. कशापायी, ते सांगत न्हाई. अन रोज जाऊन त्या मान्सात बसायलंय. ह्येचा बाप तिथंच बसायचा. तिथूनच उचलून आनला आमी त्याला, शेवटचा." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "प्याला का तिथं? पिऊनच काढलं ना त्याला?"

मला पळून जावंसं वाटलं. नाही म्हणावं, तर मग का काढलं, हा प्रश्न येणार आणि बार उघडा पडणार. ठाऊक नाही म्हणावं, तर या बाईच्या मनात पोरगा बापाच्या वाटेला लागलेला राहणार. मी एकदा मान हलवून सुटलो होतो. पुन्हाही सुटलो असतो.

"तो प्याला नाही," मी म्हटलं. "पण चपात्या लाटत नव्हता, बाई. दारू भरून द्यायचा. तिथेही बंदी होती, त्या बंदीत त्याने मला दिली. तो नको म्हणत होता. मी तीनदा मागितली. तुमचं हे पाकीट अडवून मागितली."

त्या पाकिटातला पट्टा काढून त्याची घडी घालत राहिल्या.

"पुन्यांदा म्हना. प्याला न्हाई?"

"नाही."

"थेंबबी?"

"थेंबसुद्धा नाही."

त्या उठल्या. पट्टा न बांधताच लंगडत रांगेपर्यंत गेल्या आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "विशाल, ऊठ. पाजलीस त्येचं काय बोलायचं ते घरी बोलन. ऊठ आता."

तो उठला. झोपेतून उठवलेल्या लेकरासारखा तिच्या मागे चालू लागला. रांगेत त्याच्या जागी खळगा राहिला. कोणी सरकून तो भरला नाही.

ओट्याशी आल्यावर कौसाबाई थांबल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. "दादा, फाट्यावर गाडी चारनंतरच हाय. तवर तिथं बसा. जागा झालीया."

चेष्टा असेल म्हणून मी हसलो. दोघांपैकी कोणी हसलं नाही. दार लागलं.

मी जाऊन बसलो. का बसलो, ते सांगता येत नाही. शेजारचा म्हातारा थोडा आवरून बसला, जणू येणाऱ्याची वाटच बघत होता. शटरची धग तोंडावर येत होती. पहिला अर्धा तास मी घड्याळ बघत होतो, नंतर बघेनासा झालो. चार वाजता सगळे उठले. मीही उठलो.

घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, "दिलं का?" मी म्हटलं, "दिलं." तिने ताट वाढलं.

खरं बोललं की मन हलकं होतं असं म्हणतात. तसं झालंही, नाही म्हणत नाही. पण त्या दिवसापासून जेवण झालं की मी खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसतो. ठरवून नाही, बसलं जातं. बायको दोनदा येऊन "अहो, चहा झालाय" म्हणून जाते. मला ऐकू येतं, पण उठवत नाही. विशालला नाव घेऊन उठवायला आई होती. मला नावाने हाक मारणारी जाऊन वीस वर्षं झाली.