बरणी रिकामी हुती

माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि नव्या जावयाला जी एक गुंगी असते ती अजून उतरली नव्हती. अशात देवळाली प्रवरेजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचं मतदान आलं आणि केंद्राध्यक्ष म्हणून साक्षात माझे सासरेच नेवासे तालुक्यातून येऊन थडकले. सरोजनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहाटे उठून बाजरीच्या भाकऱ्या, भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी असा डबा बांधला. मी तो घेऊन, सगळी रांग ओलांडून, थेट टेबलापाशी गेलो आणि बक्षीस घ्यायला निघालेल्या पोराच्या ऐटीत, आमच्या ख्रिस्ती रीतीनं, म्हणालो, "सलाम, नाना. गरम आहे तोवर खाऊन घ्या."

दोन्ही पॅनलचे प्रतिनिधी बाकावरून अर्धे उठले. त्यातला एक म्हणाला, "साहेब, ह्यांचे चुलते हुबे हायेत."

खरंच होते. हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं.

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ओळखीची एक रेघसुद्धा चेहऱ्यावर नव्हती. "हा डबा कोणाचा?"

"तुमच्या लेकीचा."

"मतदान केंद्रात मला लेक नाही," नाना म्हणाले. "आपण मतदार असाल तर रांगेत उभे राहा. नसाल तर शंभर मीटरच्या बाहेर."

मी डबा घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. पुढच्या-मागच्यांनी वासावरून वांगं ओळखलं. घरी येऊन मी तो डबा सरोजपुढे ठेवला आणि, अक्कल बेताचीच असल्यामुळे, नानांचं वाक्य जसंच्या तसं सांगून टाकलं. तिनं ते वाक्य ठेवून दिलं. पुढे कितीतरी वर्षं माहेरी जायचा विषय निघाला की ती म्हणायची, "जाऊ की. आज मतदान नाही ना?"

नाना प्राथमिक शाळेत मास्तर होते. घोडेगावच्या अलीकडे त्यांचं गाव. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते गावाला फारसं भूषणावह नाही. मास्तरकी त्यांनी मनापासून केली, पण जीव होता तो मतदानाच्या ड्यूटीवर. बाकीचे मास्तर ड्यूटी रद्द करून घ्यायला पाठदुखीचे दाखले काढत, नाना आपलं नाव कसं आलं नाही म्हणून तहसीलला चौकशीला जात. त्यांच्या बोलण्याची गंमत अशी, की सरकारी कामात ते छापील पुस्तकासारखे बोलत आणि काम संपलं की चपलेबरोबर ती भाषाही दारात काढून ठेवत.

पेटीला सील करण्याआधी ती रिकामी आहे हे प्रतिनिधींना दाखवायचं असतं. सगळेच दाखवतात. नाना पेटी उलटी करत, तिच्या बुडावर थापा मारत, आणि मग प्रत्येकाच्या नाकाखाली धरून विचारत, "आत काय आहे?" कुणी नुसती मान हलवली तर चालत नसे. "मान नको. तोंडानं सांगा." मग मोठमोठी मिशीवाली माणसं लहान पोरांसारखी म्हणत, "रिकामी हाय." एकदा मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाले, "घोडेगावच्या बाजारात म्हशीचं त्वांड उघडून दात बघता न्हवं? तवा लाज वाटत न्हाई. मग पेटीचा तळ बघायला कसली लाज?"

हे वेड घरातही होतं. आमच्या मुलीचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा नानांना त्यांच्या आईचं 'शांतवंती' हे नाव हवं होतं. बाकी सगळ्यांना 'स्नेहा'. नानांनी लोणच्याची चिनीमातीची बरणी धुवायला लावली, उलटी करून थापटली, आणि सासूबाईंसकट सगळ्यांकडून 'रिकामी' असं तोंडानं वदवून घेतलं. चिठ्ठ्या पडल्या. शांतवंतीला एकच मत मिळालं आणि ते कुणाचं हे सांगायला नको. मला वाटलं, म्हातारा आता रुसणार. नाना हसले. "हरलो. पन बरणी रिकामी हुती," म्हणाले, आणि पाळण्याशी जाऊन पहिली 'स्नेहा' अशी हाक त्यांनीच मारली.

सासूबाई गेल्यावर माझा मेहुणा विजय त्यांना इंग्लंडला घेऊन गेला. तिथे नानांचा वेळ जाईना. आणि मग एक दिवस त्यांना कळलं, की तिथे कायम राहणाऱ्या भारतीय माणसालाही मत देता येतं, अगदी गावच्या कौन्सिललासुद्धा. फोनवर नानांचा आवाज वीस वर्षांनी तरुण झाला होता. "जावईबापू, ह्यांनी आपल्यावर दीडशे वर्सं राज्य केलं. आता ह्यांची कचरागाडी कुठल्या वारी यावी ते मी ठरवनार हाय."

त्या मे महिन्यात आम्हीही तिकडे गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. ज्या चर्चच्या हॉलमध्ये नाना रविवारी चहा प्यायचे तिथेच गुरुवारी मतदान होतं. सातला दार उघडायचं, नाना त्याआधीच दाराशी, हातात भारतीय पासपोर्ट. तिथली केंद्राध्यक्ष एक ठेंगणी, हसरी बाई होती. नानांनी तिला सांगितलं की पेटी बंद करण्याआधी मला आतून पाहायची आहे. मला वाटलं, आता आपल्याला शंभर मीटरच्या बाहेर जावं लागणार. पण बाईनं काही आढेवेढे न घेता पेटी पुढे केली. इतक्या वर्षांत कुणी बघायला आलं नव्हतं, म्हणाली. नानांनी वाकून आत पाहिलं आणि स्वच्छ मराठीत जाहीर केलं, "रिकामी हाय." बाईनं आदरानं मान डोलावली.

मतपत्रिकेवर फुली मारायला दोरीला बांधलेली शिसपेन्सिल होती. ती पाहून नानांचा चेहरा उतरला. पेन्सिल म्हणजे खोडता येणारी गोष्ट, हे पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी आपला शाईचा पेन वापरू का विचारलं; खुशाल वापरा, बाई म्हणाली. फुली मारली, पण शाई ओली. तशीच घडी घातली तर दुसऱ्या नावावर उमटणार. मग आडोशामागून बराच वेळ फुंकर मारल्याचा आवाज येत राहिला. बाहेर येऊन म्हणाले, "पेन्शिलीला कारन हाय म्हनायचं. तरी बी पेनच."

मत पेटीत पडलं आणि नानांनी सवयीनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं. टेबलामागे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी बोट पाहिलं, मग नानांकडे पाहिलं, आणि लगबगीनं उठून औषधाची पेटी आणली. नानांना लागलंय, असा त्यांचा समज झाला. तिथे शाई लावतच नाहीत, हे ना त्यांना सांगायचं सुचलं ना मला. नाना बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटाला व्यवस्थित चिकटपट्टी लावलेली होती. ती त्यांनी सुटेपर्यंत काढली नाही. "शाई न्हाई तर पट्टी. मत दिल्याची निशानी पायजे." घरी जाताना म्हणाले, "हितं मानसावर इस्वास ठेवत्यात, आपल्याकडं पेटीवर. मानसं चांगली असली तर हे बरं हाय. पन आपल्याकडं सील लागतंच. कोन कसा निघंल, सांगता येत न्हाई."

हे त्यांना पुढे फारच जवळून समजायचं होतं.

त्याच वर्षी थंडीत नाना नाताळासाठी गावी आले, आणि नेमकं तेव्हाच गावात ग्रामपंचायतीचं मतदान लागलं. सरपंचपदाला त्यांचा पुतण्या दिलीप उभा होता. लहानपणी आईबाप गेल्यावर त्याला नानांनीच वाढवलेलं. मतदान नानांच्याच जुन्या शाळेत. गाडी मी चालवत असल्यामुळे सोबत मी. नाना इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभे राहिले. नंबर आला. यादीवर बसलेल्या बाईंनी नाव शोधलं आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमचं मतदान झालंय."

नानांनी डाव्या हाताचं बोट वर धरलं. "मग शाई कुठं गेली?"

दोन्ही पॅनलच्या प्रतिनिधींनी यादीत तोंड खुपसलं. त्या गावात एक रीत होती, आणि ती कुणालाच खुपत नव्हती. पोटासाठी बाहेरगावी गेलेल्यांची मतं दोन्ही पॅनल सकाळी सकाळी गुण्यागोविंदानं वाटून घेत. बांधावरून डोकी फोडणारी माणसं या वाटणीत मात्र सख्खे भाऊ. म्हणूनच कुणी हरकत घेत नसे. लंडनवाले नाना दिलीपच्या वाट्याला आले होते.

बातमी बाहेर गेली आणि दिलीप धावत व्हरांड्यात आला. नानांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमी मतदानापातूर थांबनार हे म्हाईत असतं तर कोन कशाला असलं करील? आन् तुमी मला सोडून कुनाला देनार हुता? मत तिथंच पडलंय. झालं तर मग."

"कुनाला देनार हुतो, तुला कुनी सांगितलं?"

"आता घरातलं मत..."

"घरातलं न्हाई. माझं मत."

"काका, बोभाटा झाला तर आपल्याच मानसाचं नाव निघतंय. माझ्या तोंडाला काळं लागंल. मला पाडता का तुमी?"

"पडलास तर हात धरून उठवीन," नाना म्हणाले. "पन हे न्हाई चालायचं."

आणि ते आत गेले. केंद्राध्यक्ष तरुण होता, पारनेरकडचा, भला माणूस. दोन्हीकडचे लोक खिडकीतून त्याच्याकडे रोखून पाहत होते. तो म्हणाला, "सर, तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकलंय, म्हणून तुम्हाला प्रदत्त मत देता येईल, त्याचा कागद मी देतो. पण तुम्हाला माहीत आहे, ते मोजणीत धरत नाहीत. लखोट्यात बंद होऊन जातं."

"म्हाईत हाय. म्या सोता कितीतरी बंद केल्यात."

"मग त्याचा उपयोग काय?"

"लखोट्यात जाऊ द्या. पन जाऊ द्या."

प्रकरण वाढत चाललं होतं, मागे रांग तुंबली होती, आणि माझ्यातला भित्रा माणूस जागा झाला. मी पुढे होऊन कुजबुजलो, "नाना, लोक खोळंबलेत. चला ना आता."

नाना वळलेसुद्धा नाहीत. "जावईबापू, रांगेत हुबं ऱ्हायला तुमाला चांगलं येतंय. ऱ्हावा."

रांगेत कोणीतरी हसलं. तेवढ्यात मागची एक म्हातारी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "द्या की मास्तरचा कागुद. आमी काय पळून चाललो न्हाई."

कागद आला. नानांनी ठसा उमटवला, घडी घातली, केंद्राध्यक्षानं ती लखोट्यात टाकली. मग बोटाला शाई. नानांनी ती वाळू दिली आणि बोट वर धरून, व्हरांड्यातल्या दिलीपच्या समोरून चालत गेले. एवढ्यानं संपलं असतं तर बरं, असं गावाला वाटलं असेल. पण पुण्याहून खास गाडी करून आलेल्या एका माणसाचंही मत सकाळीच पडलेलं निघालं. एरवी तो हसून चहा पिऊन परत गेला असता. तो म्हणाला, "मास्तरांना दिला तसला कागद मलाही द्या." त्याच्यामागून सुपे एमआयडीसीत कामाला असलेली दोघं. संध्याकाळपर्यंत लखोटा चांगला जाडजूड झाला होता, आणि सकाळची ती वाटणी करणारी माणसं एकमेकांवर खेकसत होती.

दिलीप निवडून आला. गुलालानं माखलेला, पेढ्याचा पुडा घेऊन नानांच्या पाया पडायला आला. नाना उठून उभे राहिले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पेढा पुढे आला तेव्हा मात्र हात मागे घेतला.

"जिकलास. चांगलं काम कर," म्हणाले. "पन बरणी रिकामी न्हवती."

दिलीप पेढा हातात धरून तसाच निघून गेला. पुन्हा त्या घरी आला नाही. नानांनी बोलावलं नाही. ज्याला भरवून वाढवलं त्याच्या हातचा पेढा नाकारणं सोपं गेलं नसावं. त्या संध्याकाळी नाना जेवले नाहीत एवढं मी पाहिलं. परत इंग्लंडला जायचं ते आज-उद्या करत राहिले, आणि पुढच्या थंडीत गावातच गेले. दिलीप मातीला आला होता. शवपेटीला पहिला खांदा त्यानंच दिला. परतताना माझ्याशेजारून चालता चालता म्हणाला, "दाजी, पेढा तसाच ऱ्हायला." त्या गावात मतांची सकाळची वाटणी त्यानंतर झालेली नाही. लाजेनं बंद झाली की लखोट्याच्या धाकानं, ते मला माहीत नाही. नाना म्हणाले असते, कारण काय का असंना, बरणी रिकामी हाय.

सरोजही शिक्षिका आहे. नानांनंतरच्या जिल्हा परिषदेच्या मतदानाला तिला पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष नेमलं आणि केंद्र आलं थेट खर्ड्याला, जामखेडच्या पार टोकाला. मी शहाण्यासारखं घरी बसायचं की नाही? दुपारी डबा घेऊन खर्ड्यात हजर झालो. या वेळी एवढीच सुधारणा होती, की शंभर मीटरच्या रेघेबाहेर चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवर एक प्रतिनिधी चहा पीत होता. तो म्हणाला, "आतल्या बाई लई कडक हायेत. मशीनवर शून्य दाखवलं आन् सगळ्यांना तोंडानं म्हनाय लावलं, शून्य हाय म्हनून."

थोड्या वेळानं सरोज व्हरांड्यात आली. तिनं मला पाहिलं, माझ्या हातातला डबा पाहिला, आणि अनोळखी माणसाकडे पाहावं तशी क्षणभर पाहून आत गेली. मी आणखी एक चहा घेतला आणि डबा जसा आणला तसा घरी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तोच डबा उघडला. शिळी भाकरी दुधात कुस्करली, एक घास खाल्ला. मग म्हणाली,

"डबा परत पाठवला त्या दिवशी नानांना चांगलीच भूक लागली असणार हो."