दुसरा नंबर

माझा जुना स्टिरिओ रिसीव्हर दुरुस्त करणारा माणूस शोधायला आठ महिने लागले. बाकीचे "नवा घ्या" म्हणायचे, तेव्हा डोकं फिरायचं. या म्हाताऱ्या कारागिरानं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "होईल. वेळ लागेल." माझा फोन नंबर लिहून त्यानं विचारलं, "घरातल्या आणखी कुणाचा?"

"कशाला?"

त्यानं फळीकडे बोट दाखवलं. तिथे दुरुस्त झालेले चार रिसीव्हर धूळ खात होते. न्यायला येण्याआधीच त्यांचे मालक वारले, असं तो म्हणाला. यंत्राला जुने भाग उशिरा का होईना, कुठूनतरी मिळतात. माणसाला मात्र तेवढं थांबता येत नाही.

तो पेन धरून बसला होता. मी माझाच नंबर पुन्हा सांगितला. त्यानं तो पहिल्याखाली लिहिला.