फोनमध्ये राहिलेले पाहुणे

तारकर्लीतल्या घराच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. माझे यजमान वारल्यावर पुतणीने वेबसाइट करून दिली. येणाऱ्याने त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख भरायची, आधारकार्डाचा फोटो जोडायचा. ते माझ्या मोबाइलवर येतं. पाहुणे गेले की पुसून टाक, असं तिने बजावलं होतं. मी पुसत नसे. घर रिकामं झालं की चहा घेऊन ते फोटो बघत बसायचे. कोण कुठल्या गावचा, कोणाचा जन्म कधीचा. तेवढीच सोबत.

गेल्या वर्षी एक शिक्षिका एकट्याच येऊन चार दिवस राहिल्या. मी ताट वाढून आत जाणारी, त्यांनी मला बाहेर बोलावून शेजारी बसवलं. जाताना म्हणाल्या, "काकू, फोन करीन हं."

फोन आला नाही. त्यांचा वाढदिवस मला कार्डावरून पाठ झाला होता. त्या दिवशी मी खीर केली आणि मोठं लिहायला जमत नाही म्हणून बोलून निरोप पाठवला.

लगेच फोन आला. मला केवढा आनंद झाला.

"काकू, माझा वाढदिवस तुम्हाला कसा कळला?"

"कार्डावर होता."

"ते अजून तुमच्याकडे आहे? कोण कोण बघतं?"

"कोणी नाही. मीच बघते अधूनमधून."

त्या म्हणाल्या, "मुक्कामानंतर माहिती काढून टाकू, असं तुमच्या साइटवर लिहिलंय. मी एकटी फिरते. ते वाचलं म्हणून घरचा पत्ता दिला."

मी पुतणीला सांगितलं. ती म्हणाली, "काकी, लोकांच्या कार्डांचो अल्बम केलंस गो तू!" मग हळू आवाजात, "पूस आता. सगळे फोटो एकदम जातत."

मी एकेक करून पुसले. त्या बाईंचा शेवटी. 'पुसलं' एवढं लिहून त्यांना पाठवलं. त्यांनी वाचलं, उत्तर दिलं नाही.

पुतणीने जन्मतारखेचा आणि कार्डाच्या फोटोचा रकाना काढून टाकला. आता पाहुणा दारात कार्ड दाखवतो, मी नाव बघून तिथेच परत देते.

यंदाही तो दिवस आला. तारीख मी विसरलेले नाही. खीर केली. फोन कपाटात ठेवून दिला.