खुर्शीदभाईची भट्टी

माझा थोरला भाऊ खुर्शीद ज्वलनशास्त्राचा डॉक्टर होता. चौऱ्याऐंशी साली पदवी घेऊन तो आमच्या निजामपुऱ्यात परतला, तेव्हा अब्बांनी गल्लीभर मिठाई वाटली. जाळण्याचंही शास्त्र असतं, हे गल्लीला त्या दिवशी कळलं.

सुरुवातीला तो बरा होता. सायझिंगवाल्यांकडे, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांत, स्वतःहून जायचा. बॉयलरखाली टायर जाळू नका, हा धूर फुप्फुसं खातो, म्हणून सांगायचा. मालक चहा पाजून त्याला वाटेला लावत.

मग मजीदशेठने दिघाशी गावाच्या शिवेवर नवं सायझिंग काढलं आणि भाईला बोलावलं.

"जळणार टायरच. पण धूर कारखान्यात दिसता कामा नये. जमेल?"

जमलं. भाईने मोठा पंखा लावून भट्टी उभारली, चिमणी उंच नेली. बघता बघता तालुक्यातल्या मालकांच्या गाड्या आमच्या दारात लागू लागल्या. टाय बांधून तो भाषणं ठोकायचा. 'स्वच्छ ज्वलन' हा त्याचा लाडका शब्द.

दिघाशीची ठमाबाई आमच्याकडे भाजी घेऊन यायची. एकदा तिने टोपली भाईपुढेच ठेवली.

"डाक्टर, तुमचा धूर आमच्या भेंडीवर बसतंय. धुतली तरी जात न्हाय. पोरां खोकून बेजार हायत."

"धूर हवेत विरतो, मावशी. शास्त्र आहे ते."

ती गेल्यावर मी विचारलं, "खरंच विरतो?"

"वेडी आहेस का?" तो हसला. "कुठेतरी उतरणारच. आपल्या दारात तर नाही ना उतरत!"

तेव्हापासून मला त्याची किळस येऊ लागली. बाकीचे टायर जाळणारे निदान अडाणी होते. ह्याला सगळं कळत होतं.

शहाण्णव साली गावाच्या तक्रारीवरून चौकशी लागली. तज्ज्ञ म्हणून बोलावलं कोणाला? भाईलाच. गावात भरलेल्या सभेत तो म्हणाला, "ही काजळी यांच्या चुलींची आहे."

ठमाबाईशेजारी बसलेली मी उठले आणि तो घरात जे बोलला होता ते शब्दन्‌शब्द सांगितलं.

"ही बाई माथेफिरू आहे," भाई चौकशीला आलेल्या साहेबांना म्हणाला. सख्खी बहीण, 'ही बाई'!

ठमाबाई पुढे आली. "मंग ऱ्हावा हितंच महिनाभर. आमची भेंडी खावा."

कागद गोळा करून शास्त्रज्ञ मजीदशेठच्या गाडीत जाऊन बसला.

भट्टी पावसाळाभर बंद राहिली, मग दुसऱ्याच्या नावाने पेटली. भाईने ठाण्यात खाडीकडे फ्लॅट घेतला. तिकडची हवा चांगली आहे, म्हणे.