ज्या व्हॅनमध्ये मी नव्हते

पुढे सांगणार आहे त्यातला एकही प्रसंग मी पाहिलेला नाही. व्हॅनमध्ये चार जागा होत्या, त्या चौघांनी घेतल्या. परीक्षांच्या दिवसांत मला रजा मिळाली नाही, आणि मी दुबईत, ऊद मेथातल्या घरी पेपर तपासत बसले. पण ते परत आल्यापासून दर शनिवारी जेवणानंतर किस्से निघू लागले आणि एकेका किश्श्याच्या चार आवृत्त्या तयार झाल्या. मी इतिहास शिकवते. म्हणून नियम केला की निदान दोघांचे एकमत असेल तेवढेच खरे मानायचे.

चौघे म्हणजे आमचे शेजारी माधव आणि सुलभा, आणि अजमानचे याकूबभाई आणि झुबेदाभाभी. याकूबभाई मूळचे रत्नागिरीचे. तरुणपणी मालवाहू जहाजांवर होते, पुढे इथल्या बंदरात नोकरी केली. पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकावर एक दीपगृह आहे. जहाजावरून त्यांनी ते कितीदा तरी पाहिले होते, जमिनीवरून एकदाही नाही. आता त्यांची नजर हळूहळू जात होती. पाहायचे ते लवकर पाहून घ्या, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी एवढेच मागितले, की त्या टोकावर एकदा पायी चालत जायचे. माधवने शेजारच्या स्पेनमधल्या सेव्हिलहून कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली.

*

सेव्हिलच्या चर्चचा मनोरा पूर्वी मशिदीचा मिनार होता. शेवटच्या काही पायऱ्या सोडल्या तर वर जायला पायऱ्या नाहीत, नुसता चढ आहे. याकूबभाईंना पायऱ्यांची धास्ती वाटायची, कारण कड दिसत नसे. इथे मात्र भिंतीला हात लावून ते सगळ्यांच्या पुढे गेले. माधव दर वळणावर थांबून धापा टाकत होता.

वर पोहोचल्यावर सुलभाने गाइडबुकातून वाचून दाखवले, की अजान देणारा इथे घोड्यावर बसून यायचा.

याकूबभाई म्हणाले, "माधव, तू आधी सांगायचंस. घोड्याची सोय केली असती."

घोडा की खेचर, याबद्दल पुस्तकांत मतभेद आहेत. माधवच्या धापांबद्दल नाहीत.

*

दुबईत इतकी वर्षे ऑटोमॅटिक गाडी चालवलेला माधव गिअर विसरला होता, आणि हे त्याला पोर्तुगालमधल्या तविरा गावच्या जुन्या गल्लीत आठवले. व्हॅन चढावर बंद पडली. डावीकडे एका घराचे दार, उजवीकडे दुसऱ्या घराची खिडकी. खिडकीतल्या आजींनी आधी कुंडी आत घेतली, मग मांजर आत घेतले, आणि मग खुर्ची आणून पाहत बसल्या.

झुबेदाभाभी मागून अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चल, चल, म्हणत राहिल्या. शेवटी एकदाची व्हॅन हलली, तेव्हा आजींनी टाळ्या वाजवल्या. माधवच्या मते त्या कौतुकाच्या होत्या. उरलेल्या तिघांचे मत वेगळे आहे, म्हणजे माझ्या नियमाने निकाल लागलाच.

*

पुढच्या कॅम्पसाइटवर माधव आणि सुलभा व्हॅनला वीज जोडत होते, म्हणून ऑफिसात झुबेदाभाभी गेल्या. काउंटरवरची बाई त्यांच्याकडे पाहून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पगार, पगार."

गल्फमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. भाभींनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मिळेल गं, इन्शाल्ला."

बाई क्षणभर गोंधळली, मग हसून म्हणाली, "ओशाला."

भाभी बाहेर येऊन सांगू लागल्या, "आपल्यातलीच आहे बिचारी. पगार अडकलाय तिचा."

पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे भरणे, हे माधवला बिल भरताना कळले. आपला पगार तिथूनच आला. आणि 'ओशाला'? ही भाभींनी लावलेली फोडणी असणार, असे मी ठामपणे म्हटले होते. मग शब्दकोश उघडला. अर्थ 'देव करो आणि तसे होवो', उगम अरबी. त्या शनिवारी भांडी मी घासली.

*

त्यानंतर भाभींनी इंग्रजीचा नाद सोडला. दुकानात माधवने "बकेट, बकेट" म्हणत भरपूर हातवारे केले, तेव्हा त्याला कुंडी दाखवण्यात आली. भाभींनी "बालदी" म्हटले आणि बालदी आली. साबण आला, बटाटे आले.

संध्याकाळी सुलभाच्या मुलीचा दुबईहून व्हिडिओ कॉल आला. "आई, हाऊ आर यू गाइज टॉकिंग टू पीपल देअर?"

"मराठीत," सुलभा म्हणाली.

*

टोकावर ते सकाळी पोहोचले आणि समोर धुके होते. माधव म्हणतो, मागे वळल्यावर आपलीच व्हॅन दिसत नव्हती. सुलभा म्हणते, मध्ये जरा विरळ झाले होते, पण तिला दिसली ती नुसती भिंत. भाभींनी याकूबभाईंचा हात धरला होता. फाटकापाशी त्यांनी तो सोडवून घेतला, टोपी काढली आणि मान वर करून बराच वेळ उभे राहिले.

मग म्हणाले, "वरचा कंदील लाल आहे. जमिनीकडच्या बाजूचा रंग मात्र उडालाय."

धुके हटले नाही आणि त्यांना व्हॅन परत करायला निघावे लागले. माधवच्या सगळ्या फोटोंत पांढऱ्याशिवाय काही नाही.

कंदील लाल आहे, हे मी तपासले. पण ते त्यांना जहाजावरून माहीत असणारच. जमिनीकडची बाजू जहाजावरून दिसत नाही. तिथल्या रंगाचे म्हणाल, तर लोकांनी काढलेल्या काही फोटोंत तो उडालेला वाटतो, काहींत नाही.

आता ते दोघे रत्नागिरीला परत गेले आहेत. याकूबभाईंना आता उजेड-अंधार तेवढा कळतो. शनिवारी आम्ही तिघेच असतो. गेल्या वेळी फोनवर मला राहवले नाही. भाभींना म्हटले, "त्यांना खरंच दिसलं होतं का, एकदा विचारा ना."

भाभींनी फोन कानाशी तसाच ठेवून त्यांना विचारले. पलीकडून त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"तिला सांग, आतापर्यंत रंग दिला असेल त्यांनी."